काट्यावर भाव देईल त्याच्याकडेच माल जाणार

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या कोपरखैरणेच्या सोसायटीत जिन्याखाली सामानाचा ढीग पडतो. माळ्यावरून काय काय निघतं, जळलेला मिक्सर, बटणांचे मोबाईल, वायरींचं भेंडोळं, बंद सेट-टॉप बॉक्स, कोणाच्या तरी मुलाचा इंजिनिअरिंगच्या वेळचा सीपीयू. गेल्या वर्षी कमिटीतल्या आम्ही तिघांनी ठरवलं की या वेळी हे सगळं भंगारात जाऊ द्यायचं नाही, नीट ई-वेस्टवाल्यांकडे द्यायचं. वॉचमनच्या केबिनशेजारी मोठा खोका ठेवला, ग्रुपवर तीन-तीनदा मेसेज टाकले, बिल्डिंगमधल्या पोरांकडून पोस्टर काढून घेतलं. पंधरा दिवसांनी खोका उघडला तर आत सहा चार्जर, चार-पाच हेडफोन, दोन रिमोट आणि एक इस्त्री, आणि त्या इस्त्रीची वायरसुद्धा कोणीतरी आधीच कापून नेलेली. बाकी जे जड आणि किमतीचं होतं ते सगळं भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला होता, कारण त्याने जुन्या टीव्हीचे दीडशे आणि सीपीयूचे चारशे रुपये रोख हातावर ठेवले होते आणि आमच्या खोक्यातून कोणाला काहीच मिळणार नव्हतं.

मला तेव्हा शेजाऱ्यांचा खूप राग आला होता. एवढं समजावून सांगूनही लोक दीडशे रुपयांसाठी असं करतात, असं वाटलं. पण नंतर वर्षभर याच्या मागे लागून जे बघितलं, वाचलं त्यावरून माझं मत पार बदललंय आणि तेच इथे मांडतोय. ई-कचऱ्याचा प्रश्न लोकांच्या जागृतीवर अडलेला नाहीये. तो भावावर अडलाय, आणि जो माणूस भाव देऊन दारातून माल उचलतो त्या भंगारवाल्याला आपण कायद्यात, महापालिकेच्या योजनेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुठेच धरत नाही म्हणून अडलाय. त्याला वगळून केलेली कुठलीही योजना आमच्या खोक्यासारखी रिकामी राहणार.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघू. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये जो जागतिक अहवाल काढला त्यात २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाल्याचं म्हटलंय, म्हणजे माणशी जवळपास पावणेआठ किलो. त्यातल्या फक्त २२.३ टक्के मालाची रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. हा कचरा २०३० पर्यंत ८ कोटी २० लाख टनांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे आणि कचरा ज्या वेगाने वाढतोय तो नोंदीतल्या रिसायकलिंगच्या पाचपट आहे. भारत यात चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग तिसरा, साधारण ४१ लाख टन. आता यात ‘नोंद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उरलेला ७७-७८ टक्के माल हवेत विरून गेलेला नाही, तो कोणाच्या तरी हातातून गेलाय, कोणीतरी तो फोडलाय, विकलाय, जाळलाय, काही घरात ड्रॉवरमध्ये पडलाय, फक्त कागदावर आलेला नाही.

हा कागदावर न येणारा माल कुठे जातो ते बघायला मी आमच्या भंगारवाल्या काकांच्या मागे लागून तुर्भ्याच्या बाजूला त्यांच्या शेठच्या गोडाऊनला गेलो. काका मूळचे जालन्याकडचे, पंचवीस-तीस वर्षं झाली इकडे येऊन. पत्र्याची शेड, बाहेर काटा, आत एका बाजूला पुठ्ठा, एका बाजूला लोखंड आणि मागच्या कोपऱ्यात आमचाच माल. काकांनी एक सीपीयू पुढ्यात ओढला. चार स्क्रू होते, तीन काढले, चौथा गंजलेला म्हणून छिन्नी मारून झाकण उडवलं. पाच मिनिटं पण लागली नसतील. पत्रा लोखंडाच्या ढिगात, पंख्याखालचा ॲल्युमिनियमचा तुकडा ‘जर्मन’च्या पोत्यात, पॉवर सप्लाय फोडून तांब्याचं वेटोळं वेगळं, रॅमच्या पट्ट्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कारण तिला सोनेरी कड असते आणि तिचा भाव सगळ्यात जास्त. मदरबोर्ड मात्र अख्खा ठेवला. बोटाला चिंधी बांधलेली होती, हातात ग्लोव्ह्ज नव्हते.

मी विचारलं, बोर्डाचं काय करता? तर म्हणाले, “बोर्ड आपल्याकडं फुटत न्हाई साहेब, पोती भरली की दिल्लीच्या पार्टीला जातात.” आणि वायर? “जाड वायर सोलतो. बारीक वायर कोण सोलत बसनार, दिवसाला किलोभर बी निघत न्हाई.” मग ती जाळता का, यावर ते काही बोलले नाहीत, शेठने चहा मागवला.

त्या दोन वाक्यांत सगळा विषय आहे. काकांच्या हातून जे होतं, म्हणजे दारोदार फिरून माल गोळा करणं, सुटा करणं, धातू वेगळे करणं, ते काम उत्तम आहे. युरोपातल्या मोठ्या प्लँटमध्ये मशीनने तुकडे करून मग धातू वेगळे करताना बारीकसारीक किमती धातू भुकटीत वाया जातात, तेच हाताने सुटं केलं की कमी वाया जातात, हे तिकडचे अभ्यासकच सांगतात. विष आहे ते पुढच्या पायरीवर. बारीक वायर जाळली की वरच्या पीव्हीसीतून डायॉक्सिन निघतं. बोर्ड जातात दिल्लीत सीलमपूरला, पुढे मुरादाबादला, तिथे ते तापवून त्यावरचे सुटे भाग काढतात आणि उरलेलं ॲसिडमध्ये बुडवून तांबं-सोनं काढतात आणि उरलेलं पाणी नाल्यात. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, जुन्या एलसीडीच्या आतल्या ट्यूबमध्ये पारा. फ्रिजचा कंप्रेसर काढताना नळी कापली की गॅस फुस्स करून उडून जातो, आणि तो १३४ए नावाचा असला तर वातावरण तापवायच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ताकदीचा असतो. नळी कापणाऱ्याला याची कल्पना असायचं कारण नाही, त्याला कंप्रेसरमधलं तांबं दिसत असतं.

हे विष शेवटी कुठे पोचतं याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात ग्वियू नावाचं गाव, एके काळी जगभरचे कॉम्प्युटर तिथे येऊन फुटायचे. तिथल्या एक ते सहा वर्षांच्या १६५ मुलांचं रक्त तपासून शांतोऊ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये पेपर छापला, त्यात जवळजवळ ८२ टक्के मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण तेव्हाच्या धोक्याच्या रेषेच्या वर होतं. शिसं मुलांच्या मेंदूला कायमचं मारतं, त्यावर नंतर औषध देऊन ती बुद्धी परत येत नाही. ही पोरं काही कॉम्प्युटर फोडत नव्हती, नुसती त्या गावात राहत होती.

आता कोणी म्हणेल, एवढं वाईट आहे तर बंद करून टाका ना हे भंगारवाले. हा प्रयोग जगात होऊन गेलाय. घानाची राजधानी आक्रा, तिथे अग्बोगब्लोशी नावाचं भंगाराचं मोठं यार्ड होतं, वायरी जाळणाऱ्या पोरांचे फोटो जगभर छापून यायचे ते हेच ठिकाण. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने बुलडोझर लावून ते यार्ड साफ केलं. काम थांबलं का, तर नाही, ते शहरभर पसरलं, गल्ल्यांत गेलं, जिथे आता कोणाला मोजताही येत नाही आणि मदतही करता येत नाही. त्याच यार्डात आधी काही संस्थांनी वायर सोलायची मशीन्स आणून बसवली होती, हेतू चांगला होता, पण अडचण तीच जी काकांनी एका वाक्यात सांगितली, बारीक वायर सोलत बसायला दिवस लागतो आणि जाळायला पाच मिनिटं. म्हणून पुढे जर्मन मदतीतून दुसरा उपाय आला, तुम्ही वायर न जाळता तशीच आणून द्या, आम्ही पैसे देतो. पैशाचं गणित बदलल्याशिवाय हात थांबत नाहीत.

चीननेही शेवटी हेच केलं. नुसत्या बंदीने ग्वियू आवरत नव्हतं, मग २०१२ पासून टीव्ही-फ्रिज बनवणाऱ्या कंपन्यांकडून नगामागे पैसे घेऊन फंड केला आणि परवानाधारक रिसायकलरला नगावर अनुदान दिलं, टीव्हीला ८५ युआन, फ्रिजला ८०. त्यामुळे झालं काय की मोठा कारखाना फेरीवाल्याला चांगला भाव देऊ शकला, आणि सायकलवर भंगार गोळा करणारे तेच लोक तोच माल आता कारखान्याच्या गेटवर आणून द्यायला लागले. नंतर त्या फंडात तूट आली, कंपन्यांकडे पैसे मागायचं २०२४ पासून थांबवलं, ते सगळं खरंय, ती व्यवस्था काही आदर्श नव्हती. पण माल वळतो कशाने हे तिने दाखवून दिलं.

श्रीमंत देशांची उदाहरणं आपल्याकडे फार दिली जातात म्हणून तीही बघू. स्वित्झर्लंडमध्ये नव्या वस्तूच्या किमतीतच रिसायकलिंगचा चार्ज आधी घेतात आणि जुनं कुठल्याही दुकानात फुकट परत करता येतं. युरोपात मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना लहान वस्तू, तुम्ही काही विकत घेतलं नाही तरी, परत घ्याव्याच लागतात. जपानने टोकियो ऑलिम्पिकची सगळी, म्हणजे जवळपास ५ हजार मेडल लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाईल-लॅपटॉपमधून केली, दोन वर्षांत ७८,९८५ टन सामान जमवलं आणि त्यातून साधारण ३२ किलो सोनं काढलं. वाचून फार छान वाटतं. पण जपानमध्ये टीव्ही-फ्रिज टाकायचा तर माणूस स्वतःच्या खिशातून फी भरतो, २००१ पासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे टाकणाऱ्याला पैसे मिळतात! रद्दी, बाटल्या, भांडी, सगळं विकायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि मला विचाराल तर ती सवय मोलाची आहे, तिच्यामुळेच आपल्याकडे वस्तू सहसा कचराकुंडीत जात नाही. जपानचं मॉडेल इथे जसंच्या तसं चालणार नाही कारण आपली माणसं वेगळ्या बाजारात राहतात.

तरीही या श्रीमंत देशांचं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. खुद्द युरोपात रीतसर गोळा होण्याचं प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अहवालात ४२.८ टक्के आहे, निम्म्यालाही पोचत नाही. विषारी कचरा गरीब देशांत ढकलायचा नाही म्हणून १९८९ मध्ये बाझेल करार झाला, अमेरिकेने त्यावर सही केली पण आजपर्यंत तो मंजूर केलेला नाही. २०२५ च्या जानेवारीपासून त्या करारात सगळाच ई-कचरा आणलाय, म्हणजे घेणाऱ्या देशाच्या लेखी संमतीशिवाय पाठवायचा नाही. पण कंटेनरवर ‘वापरलेलं सामान’ नाहीतर ‘धातूचं भंगार’ लिहून माल येतच राहतो, आणि त्यासाठी लांब जायला नको, इथून तासाभरावर न्हावाशेवा बंदरात असा खोटं सांगून आणलेला माल डीआरआयने, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, पकडलेला आहे.

आता आपल्या कायद्याकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. १०६ प्रकारच्या वस्तू त्यात आहेत. जी कंपनी वस्तू बाजारात आणते तिने ठरावीक वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या हिशेबाने ठरलेला टक्का रिसायकल करून दाखवायचा, पहिली दोन वर्षं ६० टक्के, मग ७०, पुढे ८०. कंपनी हे स्वतः करत नाही, रिसायकलरकडून तेवढा माल रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट विकत घेते. कल्पना चांगली आहे, पैसा कंपनीकडून निघावा हे बरोबरच आहे. सर्टिफिकेट कवडीमोल भावाने विकली जाऊ नयेत म्हणून सरकारने किमान दरही बांधून दिला, घरगुती इलेक्ट्रॉनिक्सला किलोमागे २२ रुपये, त्यावर काही मोठ्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. मला त्या २२ रुपयांचं ओझं वाटत नाही, चाळीस हजारांच्या टीव्हीवर हे काहीच नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या २२ मधला एक रुपया तरी तुर्भ्याच्या शेडपर्यंत पोचतो का?

पोचायचा रस्ताच नाहीये. २०१६ च्या नियमांत निदान कलेक्शन सेंटर आणि डिसमँटलर, म्हणजे माल सुटा करणारे, यांना नाव होतं. २०२२ च्या नियमांत नोंदणी फक्त चौघांची, मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, जुनं दुरुस्त करून विकणारा रिफर्बिशर आणि रिसायकलर. जो माणूस चार जिने चढून तुमच्या घरातून फ्रिज खाली उतरवतो त्याला या यादीत जागाच नाही, त्यामुळे तो जे करतो ते आपोआप बेकायदा ठरतं, आणि बेकायदा माणूस पावती देऊ शकत नाही, रिसायकलर त्याच्याकडून उघडपणे माल घेऊ शकत नाही, मग उरते फक्त दिल्लीची पार्टी.

आमच्या त्या खोक्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. टीव्हीच्या मॅन्युअलवर एक टोल-फ्री नंबर होता, ‘जुनी वस्तू परत देण्यासाठी’. तीन वेळा फोन केला, दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा समोरच्या मॅडम फार नम्रपणे म्हणाल्या की सर, किमान शंभर किलो माल असेल तर गाडी येईल, नाहीतर तुम्ही स्वतः आणून द्या, आणि जो पत्ता दिला तो होता भिवंडीचा. सहा चार्जर घेऊन भिवंडीला कोण जाणार? काका मात्र एक हाक मारली की दारात असतात.

आणि हे फक्त घरांपुरतं नाही. आपली नवी मुंबई आता डेटा सेंटरची नगरी झालीय, ऐरोली, रबाळे, महापे, रस्त्याने जाताना खिडक्या नसलेल्या त्या उंच इमारती दिसतात, आत लाखो सर्व्हर. सर्व्हर काही वर्षांतच बदलतात, बॅटऱ्या बदलतात, एसीचे युनिट बदलतात. वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थेला नियमात बल्क कन्झ्युमर म्हणतात आणि त्यांनी माल नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा आहे. मोठ्या कंपन्या देत असतीलही, पण मधल्या आकाराची ऑफिसं, क्लासेस, हॉस्पिटलं, बँकांच्या शाखा सरळ स्क्रॅपचं कोटेशन मागवतात आणि जो जास्त बोलेल त्याला माल जातो. म्हणजे पुन्हा भावच.

मग करायचं काय? माझं म्हणणं सोपं आहे. गोळा करणं आणि हाताने सुटं करणं हे कायदेशीर करा, त्याला ओळखपत्र द्या, ग्लोव्ह्ज-मास्क द्या, काट्याची पावती द्या. आणि जाळणं, ॲसिड, टीव्हीची काच फोडणं, फ्रिजचा गॅस सोडणं यावर पक्की बंदी ठेवा आणि ती नीट राबवा. बोर्ड, बारीक वायर, बॅटऱ्या, पिक्चर ट्यूब या चार गोष्टी रिसायकलरने दिल्लीच्या पार्टीपेक्षा चार पैसे जास्त देऊन घ्यायच्या, आणि ते जास्तीचे पैसे सर्टिफिकेटच्या रकमेतून आले पाहिजेत. पिक्चर ट्यूबला तर कोणी विचारतही नाही, तिच्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून ती खाडीकडेला नाहीतर डम्पिंगवर जाऊन पडते, तिच्यासाठी पैसे द्यावेच लागतील.

हे काही मी हवेत बोलत नाहीये. त्याच नियमांत राज्य सरकारवर जबाबदारी टाकलेली आहे की औद्योगिक वसाहतीत ई-कचरा सुटा करायला आणि रिसायकल करायला जागा राखून ठेवावी, या कामातल्या कामगारांची नोंदणी करावी, त्यांना ट्रेनिंग द्यावं. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूला एवढी मोठी एमआयडीसी आहे, त्यात दहा गाळे यासाठी मिळू नयेत? आणि पुण्यात कचरावेचक बायकांनी हे करून दाखवलंय. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि ज्यांना लोक हाकलायचे त्या मावश्या ओळखपत्र लावून घरोघरी जायला लागल्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत ई-कचऱ्यासाठी तसं व्हायला अडचण पैशाची नाही, मानण्याची आहे. स्वच्छ सर्वेक्षणात आपल्या शहराचा नंबर कायम वरचा असतो, मला त्याचा अभिमान आहे, म्हणूनच बोलतोय.

एक शंका माझी बायकोच घेते, की अशाने भंगार गोडाऊनमध्ये बारा-पंधरा वर्षांची पोरं काम करतात ते पण कायदेशीर होईल का. शंका बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच विषयावर, ई-कचऱ्यात राबणाऱ्या मुलांवर अहवाल काढला होता. पण आज त्या पोरांची नोंद कुठेही नाही, शेडला पत्ता नाही, इन्स्पेक्टर जाणार कुठे आणि तपासणार काय. ज्या शेडची नोंदणी होईल त्याच शेडमध्ये जाऊन ‘पोरगं का दिसतंय’ असं विचारता येईल.

जाता जाता रिपेअरवाल्यांबद्दलही बोलायला हवं, तेही याच साखळीतले. ठाणे स्टेशनबाहेर जे लोक दोनशे रुपयांत चार्जिंगचा सॉकेट बदलून फोन अजून दोन वर्षं चालवून देतात ते कुठल्याही रिसायकलरपेक्षा जास्त कचरा वाचवतात. युरोपात २०२७ पासून फोनची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी असा नियम लागू होतोय, इथे मात्र डिंकाने चिकटवलेली बॅटरी गरम करून काढावी लागते आणि ओरिजिनल पार्ट मिळत नाही म्हणून चांगला फोन ड्रॉवरमध्ये जातो.

या वर्षी आम्ही खोका ठेवणार नाही. काकांनाच बोलावलंय, दिवाळीच्या आधीच्या दोन रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबल आणि काटा लावून. तळोज्याच्या बाजूच्या एका नोंदणीकृत रिसायकलरशी बोलणं झालंय, आजूबाजूच्या पाच सोसायट्या मिळून माल शंभर किलोच्या वर जाईल म्हणून ते टेम्पो पाठवायला तयार आहेत. पत्रा, तांबं, जर्मन काका घेणार, बोर्ड, बॅटऱ्या, टीव्ही टेम्पोत जाणार आणि त्याचा जो फरक पडेल तो सोसायटी काकांना देणार, मीटिंगमध्ये दोन जण विरोधात होते पण ठराव पास झाला. काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बोर्डाचा भाव लिहून देनार का?” रिसायकलरला मी तेच कळवलंय, किलोचा भाव लेखी पाठवा, त्यांचं उत्तर अजून यायचंय.